चौथ्या जागेवरचा आवाज

"चौथ्या जागेवर काहीच वाजायला नको," दादा काउंटरवर वाकून दबक्या आवाजात म्हणाला.

पार्टवाल्याने मान वर केली. आजवर त्याच्याकडे लोक आवाज येत नाही म्हणून आले होते. आवाज येऊ नये म्हणून आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

दोघांच्या मधे धाकट्या भावाची इलेक्ट्रिक गिटार पोट उघडं टाकून पडली होती. तिचा तीन जागांचा स्विच काढून चार जागांचा बसवून आण, असं धाकट्याने फर्मान काढलं होतं. चौथ्या जागेवर म्हणे तारांचा सूर पकडणारे दोन्ही पिकअप एकामागे एक जोडले जातात आणि आवाज अंगावर धावून येतो. जुना स्विच सूर खातो, असं त्याचं म्हणणं. त्याआधी वायर सूर खात होती, म्हणून वायर बदलली. मग व्हॉल्यूमचं बटण खायला लागलं, तेही बदललं. गिटारमध्ये आता मूळचं म्हणावं असं फक्त लाकूड उरलं होतं, आणि अलीकडे तो लाकडाकडेही संशयाने बघायचा.

दादाने सकाळपासून सुट्या पार्टची सगळी गल्ली पालथी घातली होती. एकाने मिक्सरचा स्विच दाखवला. दुसऱ्याने पंख्याचा रेग्युलेटर पुढे केला. यात पाच जागा आहेत, एक आमच्यातर्फे समजा, म्हणाला. तिसऱ्याने आधी गिटार कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं, कारण त्याचा धंदा लिफ्टच्या पार्टचा होता. शेवटी या पार्टवाल्याच्या डब्यात एका मेलेल्या गिटारचा स्विच निघाला.

चौथी जागा मुकी ठेवायची कल्पना मात्र वहिनीची. बँडमध्ये ती गायची, दादा बेस वाजवायचा आणि तिचा भाऊ ड्रम. दर शनिवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवायचं, त्यावर घर चालायचं. गेल्या शनिवारी धाकट्याचा सोलो सुरू झाला तो संपेचना. ड्रमवाल्याने गाणं दोनदा संपवून पाहिलं, मग काठ्या खाली ठेवल्या आणि तो पाणी पिऊन आला. सोलो चालूच. पुन्हा असं झालं तर हॉलमध्ये रेकॉर्ड लावीन आणि तुम्हाला नारळ देईन, असं मालकाने बजावलं होतं. धाकट्याला सांगून काही उपयोग नव्हता. तो हसून मान डोलवायचा आणि पुन्हा तेच.

म्हणून बेत असा, की सोलोला तो चौथ्यावर जाईल, आवाज बंद पडेल, घाबरून तो तिसऱ्यावर परत येईल आणि तेवढ्यात वहिनी पुढचं कडवं धरेल.

"सख्ख्या भावाचा आवाज बंद करताय," पार्टवाला वायर कापत म्हणाला. "आमच्या घरी हे काम वकील करतो."

धाकट्याला कळलं तर तो बँड सोडेल, कदाचित घरही. दादाच्या खिशातला फोन धाकट्याच्या मेसेजनी सारखा थरथरत होता. मिळाला का. बसवला का. चौथी जागा आहे ना नक्की. दादा उलट फोन लावायचा, तर हा उचलायचा नाही. नुसते मेसेज. सगळ्यात शेवटचा मेसेज होता, मीच येतो.

आणि तो आलाच. पार्टवाल्याने शेवटचा स्क्रू पिळला, तोवर धाकटा गिटार गळ्यात अडकवून दुकानातल्या ॲम्प्लिफायरला वायर लावूनही मोकळा झाला. दादाने मनात सबब तयार ठेवली. नवा स्विच आहे, वापरून वापरून सैल होतो. चपलेच्या बाबतीत ती नेहमी खपते.

पहिल्या तिन्ही जागांना हातही न लावता धाकट्याने खटका थेट चौथ्यावर नेला. डोळे मिटले. वाजवायला लागला.

ॲम्प्लिफायर गप्प. तारांची तेवढी किरकिर, काडेपेटीत डास अडकल्यासारखी. बोटं मात्र गिटारच्या दांड्यावरून वरखाली धावत होती. वरच्या सुरापाशी त्याच्या भुवया उंच झाल्या, खाली येताना मान हलली. दुकानात बल्ब बदलून घ्यायला एक बाई आल्या होत्या. त्यांचा हात बल्बसकट हवेतच राहिला. दादा वाट बघत होता. आता थांबेल. आता खटका परत घेईल. आता विचारेल.

त्याने अगदी शेवटपर्यंत वाजवलं. मग डोळे उघडून एकेकाचा चेहरा निरखला, पार्टवाल्याचा आ वासलेला, बाईंचा गोंधळलेला, दादाचा घामाने थबथबलेला. आणि त्याचा स्वतःचा चेहरा उजळला.

"बघ, सगळे गार," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना दादा, स्विचच होता."

पार्टवाल्याने सोल्डरची गन उचलली, परत ठेवली.

धाकटा गिटार बॅगेत घालायला पाठमोरा वाकला.

"भोंग्या," दादाने हळूच हाक मारली. लहानपणी याचं रडणं मागच्या आळीत ऐकू जायचं, म्हणून घरात पडलेलं नाव.

मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने.

तिसऱ्या हाकेला बल्बवाल्या बाई दचकून दोन पावलं मागे सरल्या. रस्त्यावरून चाललेला एक सायकलवाला पाय टेकून थांबला आणि वळून दुकानात बघायला लागला.

धाकटा बॅगेची चेन लावत होता. मधेच अडकली, म्हणून त्याने ती सावकाश मागे घेतली आणि पुन्हा ओढली.