जॅन्डल्स घालून ये

"अगं, अगदी सोप्पा वॉक आहे. जॅन्डल्स घालून ये," असं मागच्या वर्षीच्या सहलीआधी सुखदाने दमयंतीला फोनवर सांगितलं होतं. निघाला तो उभा चढ! दमयंती चिखलात फतकल मारून बसली, पट्टा तुटलेली जॅन्डल, म्हणजे अंगठ्याची रबरी चप्पल, हातात, आणि सुखदा वरून मोबाइल रोखून ओरडली, "हस बघू जरा!" तो फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर गेला आणि हिल्सबरोपासून पापाटोएटोपर्यंत शहरभरचे सगळे आठवडाभर दात काढत होते.

दमयंतीने वर्षभर तो राग जपून ठेवला. यंदा सहल ठरवायचं काम तिने मागून घेतलं. सोन्याच्या खाणींसाठी खणलेल्या जुन्या कालव्याकाठची वाट स्वतः दोनदा चालून पाहिली. ग्रुपवर मात्र जागेचं नाव सांगितलं नाही, फक्त गाड्या कुठे जमवायच्या तेवढं कळवलं. सुखदाला मुद्दाम वेगळा फोन केला.

"अगं, अगदी सोप्पा वॉक आहे. जॅन्डल्स घालून ये."

"कळलं हो, कळलं!" सुखदा म्हणाली. "मी काय काल जन्माला आलेय?"

रविवारी सुखदा गाडीतून उतरली ती गुडघ्यापर्यंत पट्टे बांधलेले जाड बूट, दोन्ही हातांत काठ्या, डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर दोराचं वेटोळं घेऊन. समोर पोळपाटासारखी सपाट वाट होती. भारतातून आलेल्या चार आज्या नऊवारीत, बाबागाड्या ढकलत, केव्हाच पुढे निघाल्या होत्या.



दमयंतीने मोबाइल रोखला. "सुखदा, हस बघू जरा!"