खरखर

तिसऱ्यांदा बटण दाबलं तर मुलाचा आवाज थेट अस्वलासारखा आला. घड्याळजींनी कपाळाला हात लावला आणि केलेलं रद्द करून टाकलं. चुकलं की मागं जाता येतं, ही सोय त्यांना बेहद्द आवडली होती. घड्याळातला स्क्रू उडाला तर जमिनीवर रांगत शोधावा लागतो.

कॉम्प्युटरवर एक जुनी कॅसेट उतरवून घेतलेली होती. मुलानं सहा वर्षांचा असताना स्वतःच टेपची बटणं दाबून म्हटलेलं गाणं. गाणं कसलं, नुसती बोंबाबोंब, आणि वर ही खरखर. आज त्याचा वाढदिवस. संध्याकाळी तो घरी यायच्या आत गाणं साफ करून ठेवायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

"बाबा, त्यालाच विचारा की," सून दारातून म्हणाली. "दिवसभर स्टुडिओत आवाजच तर साफ करत बसतो."

"ज्याला द्यायचं त्यालाच विचारू? आणि घड्याळ आधी उघडायचं असतं गं, विचारायचं मग."

ती हसत आत गेली. जन्मभर घड्याळं दुरुस्त करताना त्यांचा हाच खाक्या. बायको म्हणायची, तुम्ही डॉक्टर झाला नाहीत हे पेशंटांचं नशीब.

तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, आवाज एकही नव्हता. कुणी रेकॉर्ड करायला फोन पुढं धरला की ती हात आडवा घालून पळ काढायची. हल्ली तिचं बोलणं त्यांना आठवायचं, पण आवाज आठवेनासा झाला होता. शब्द तिचे, आणि कानात वाजायचे ते त्यांच्याच आवाजात. फार जीव तुटायचा. हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

शेवटी खरखर गाळायची सोय सापडली. तिथं दोन पर्याय होते, 'स्वच्छ आवाज' आणि 'गाळलेला भाग'. कुणीही शहाण्या माणसानं पहिला घेतला असता. घड्याळजींनी दुसरा दाबला. आतून काय निघालं ते बघितल्याशिवाय त्यांना चैन कुठली!

गाणं नाहीसं झालं. उरली नुसती खरखर. नळाचं पाणी, भांड्यांचा खणखणाट. आणि मग लांबून कुणीतरी बोललं.

त्यांचा हात माऊसवरच थांबला. त्यांनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

मुलगा आला तेव्हा ते तसेच बसून होते. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि हसला.

"बाबा, मला द्यायचं ना. दोन मिनिटांत हा सगळा कचरा काढून टाकला असता."

"टाकला असतास," ते म्हणाले. त्यांनी हेडफोन काढले आणि मुलाच्या कानांवर चढवले.

आधी मुलाच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग तो होता तिथंच, जमिनीवर बसला.

"आई," तो म्हणाला.

भांड्यांच्या आवाजाआडून ती सहा वर्षांच्या पोराला दटावत होती, "हळू रे जरा. बाबा झोपलेत, जागे होतील."