चौथी अट

हेमलताबाईंनी देवांची पेटी खाली ठेवली आणि स्वतःच्याच फ्लॅटच्या दारावर अंगठा टेकवला.

“नमस्कार काकू,” दारातला एजंट बोलला. माणूस नव्हता तो, पण आवाज मोठा लाघवी. “भाड्याने घर हवंय?”

“अरे, घर माझंच आहे. हे गेले, आणि मुलाकडे माझं काही जमेना. रिकामंच आहे ना?”

“तीन महिने. पण घर भाड्याने देण्याचा आपला करार संपेपर्यंत इथे राहायला येणारा प्रत्येकजण भाडेकरूच. तुमचा अर्ज चौथ्या अटीत अडतोय.”

“कसली अट?”

एजंटाने नोंद ऐकवली. हेमलताबाईंचाच मऊ आवाज होता. “एकट्या बाईला देऊ नका हो. देवाधर्माचं घर आमचं. कोण येतं, कोण जातं, कुणी बघायचं?”

“काढून टाक ती,” त्या हळूच म्हणाल्या.

“लगेच काढतो. करार दोघांचा आहे, तेव्हा काकांचाही अंगठा लागेल.”

हेमलताबाईंनी पेटी उचलली. गेल्या चातुर्मासात भाड्याने घर मागायला आलेली एक नर्स याच दारातून बॅग घेऊन परत फिरली होती. जाताना तिने विचारलं होतं, “मग मी कुठे जायचं, मावशी?”

त्या दिवशी हेमलताबाईंचं मौन होतं. त्यांनी नुसते हात जोडले होते.