तेलाचं पथ्य

“मालिश कोण करतंय?” डॉ. अनुजांनी विचारलं आणि सोनूबाई खिडकीबाहेर बघू लागली.

कोपराच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. हाड छान जुळलं होतं, पण कोपर जेमतेम अर्धं वाकायचं. उजव्या हातातला घास तोंडापासून वीतभर लांब थांबायचा. विहारात वंदनेला डावा हात एकटाच छातीशी यायचा. सांधा आतून सुजलेला होता, आणि रोज रगडल्याशिवाय तो असा सुजत नाही, हे डॉक्टर ओळखून होत्या.

रगडणारा बाहेर बाकावर बसला होता. तिचा नवरा, बाळासो. शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर झालेला, पण कळंब्यात त्याला ओळखायचे ते मालिशसाठी. लचकलेली मान, धरलेली कंबर, सगळी त्याच्याकडे यायची, आणि हा बाबा कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मग बायकोचा हात सोडतोय होय? रोज सकाळी तासभर, जीव ओतून. ती पदर दातात धरून सोसायची.

“हात न्हाय वाकला तरी चालंल,” सोनूबाई हळूच म्हणाली, “पर त्येंच्यामुळं झालं हे त्यास्नी सांगू नगासा. चाळीस वर्सं लोकांचं दुखणं काढलंय त्यांनी. खचतील.”

डॉक्टरांनी बाळासोला आत बोलावलं. तीन आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि हलका व्यायाम तिचा तिनंच करायचा. शिवाय या गोळ्यांना हातावर तेल अजिबात चालत नाही, अशी एक थाप त्यांनी गंभीर चेहऱ्यानं ठोकून दिली. बाळासोनं मुकाट मान डोलावली.

सूज उतरली. कोपर रोज थोडं थोडं सैल होत गेलं. महिन्याभरानं सोनूबाईनं डॉक्टरांपुढं दोन्ही हात जोडले, अगदी छातीशी, आणि तिला रडू आवरेना. डोळे पुसत ती बाहेर गेली. बाळासो मागं रेंगाळला.

“बाई, लई उपकार झालं. तिच्या हातासाठी, आन् माझी अब्रू राखलीसा त्यासाठी बी. कोपराला मालिश करू नये म्हणून तुमच्या भाईरच्या भिंतीवरच लिवलंय की. तुमी मला आत बोलावलंसा त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या वाचलं मी.” त्यानं दाराकडं एकदा बघून घेतलं. “पर हिला सांगू नगासा. मला ठावं न्हाय म्हणून लई खुशीत हाय ती.”