पेलेल असा घोडा

"काका, मला पेलेल असा घोडा आहे का तुमच्याकडे?"

विचारलं एकदाचं तिने! 'विचारून दाखव' अशी पैज लावणाऱ्या दोन्ही मैत्रिणी तबेल्याच्या कुंपणापलीकडे तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. वर्गात तिला सगळे 'रोडरोलर' म्हणायचे. शनिवारी अख्खा वर्ग इथे घोड्यावर बसायला येणार होता, आणि ती पोटदुखीचं निमित्त करून घरी बसणार होती. म्हणजे, आज सकाळी पैज लागेपर्यंत तरी.

चामड्याचा एप्रन घातलेल्या म्हाताऱ्याने तिला नखशिखांत न्याहाळलं. हसला मात्र नाही.

"पाठ दुखते?"

"माझी? छे!"

"मग ये आत."

पहिला घोडा शर्यतीचा. उंचच उंच, पाय काटकुळे.

"पळण्यात वारा, पण भारी नाजूक. पान हललं तरी दचकतो."

दुसरा डोंगरी तट्टू, जेमतेम तिच्या खांद्याइतका.

"याला लहान समजू नकोस. अंगापेक्षा जोर जास्त, आणि जोरापेक्षा लबाडी."

तिसऱ्याला बघून ती एक पाऊल मागेच सरली. ओझी ओढणाऱ्या जातीचा! छाती कपाटाएवढी, खूर ताटाएवढे.

"वजन किती?" तिने विचारलं.

"तुझ्यासारख्या दहा-बारा जणी. चल, एकेकाचा पाय उचल. गुडघ्यांत धर घट्ट."

बसण्याआधी ओळख करून घ्यायची असेल, असं तिला वाटलं. ती वाकली. शर्यतीवाल्याने झटके दिले. ती हलली नाही. तट्टूने हळूच तिच्यावर अंग टाकलं. ती हलली नाही. तिसरा तर उसासा सोडून असा रेलला, की तिला दरदरून घाम फुटला. पण हलली असेल तर शपथ!

म्हातारा कंबर धरून बघत राहिला.

"किती आले नि किती पळाले," तो पुटपुटला. "पोरी, बस जरा. बोलायचंय."

कुंपणापलीकडचं खिदळणं केव्हाच थांबलं होतं.

घरी पोचेपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"काय मग, तबेल्यात गेली होतीस म्हणे," बाबांनी विचारलं, "कुठल्या घोड्यावर बसलीस?"

"एकाही नाही!"

आईचा चेहरा पडला. "जाऊ दे गं बाळा. शनिवारी राहा घरीच."

"घरी कशाला? ते काका नालबंद आहेत, आई! सोमवारपासून शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली, माझं ठरलंय. नाल ठोकताना घोडा अंगावर रेलतो ना, त्यांना कधीपासून घोड्याला पेलेल असं माणूस हवं होतं!"