तीनदा मोजलेली चप्पल

"चपलेत उमटलेल्या पावलावरून माणसाची उंची काढायची. तीनदा मोजा, सरासरी काढा." लतामॅडमनी फॉरेन्सिकच्या प्रॅक्टिकलला जुनी पुरुषी चप्पल टेबलावर ठेवली. लातूरच्या पोरांना कॉलेजपेक्षा क्लास मोठा. विद्यार्थिनी अक्षरानं क्लासच्या घाईत एकदाच पट्टी लावली. "पाच फूट दोन, मॅडम." मॅडमनी तो आकडा वहीत लिहायला घेतला. कैक वर्षांपूर्वीच्या भूकंपात गावकऱ्यांनी चिखलानं माखलेलं ठेंगणं प्रेत दाखवलं होतं. "ह्योच न्हवं तुझा बाप?" पावसात सरण भिजत होतं, शाळकरी लतानं एकदाच बघून मान डोलावली. बापाची ही चप्पल नंतर ढिगाऱ्यात सापडली. लहानपणी बाप उंचच वाटतो, अशी तिनं मनाची समजूत घातली. अक्षराचं उत्तर खरं असेल, तर अग्नी बापालाच मिळाला. तरी तोंडातून निघालंच, "पुन्हा मोज." अक्षरानं आणखी दोनदा मोजलं. "मघाशी पट्टी घसरली. पाच फूट दहा. दोन्हीदा तेच यायलंय." "बरोबर," मॅडम म्हणाल्या. दरवर्षी मेलं बरोबरच येतं.