वर्गाची लांबी

आमचा वर्ग म्हणजे पटांगणातली एकटी खोली. सोमवारी पोरांनी ती डिजिटल नकाशावर मोजली. नऊ मीटर. टेपनेही तेवढीच भरली.

बुधवारी नकाशा म्हणाला साडेआठ.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नकाशा चुकत नसतो. तुमची टेप बघा."

टेप लावली. साडेआठच.

शुक्रवारी आठ. मागच्या बाकावरची बुटकी पोर, जिला सगळे ठेंगू म्हणतात, कुरकुरली, "बाई, भिंत पाठीला लागतेय!"

"मग ताठ बस," मी म्हटलं.

आज नकाशा सात म्हणतोय. टेप काढायचा धीर झाला नाही, म्हणून आधी हजेरी घेतली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस 'हजर' म्हणाले.

मागचा बाक मात्र दिसत नव्हता. तिथे भिंत होती.

"बाई," भिंतीतून ठेंगू म्हणाली, "दिवा लावा ना!"